बहात्तर सेकंदांची हुशारी

बारामतीहून इंदापूरकडे निघालं आणि अंथुर्णे मागे पडलं की शेळगावचा फाटा येतो. पुढे गोतोंडी, मग विड्याच्या पानांसाठी नावाजलेलं निमगाव केतकी. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरपूरला जाते, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. या पट्ट्यात शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स झळकतो. मुलांचे फोटो, फोटोखाली गुण, गुणांखाली ‘मार्गदर्शक शिक्षक’ म्हणून गुरुजींची नावं. कुठल्या शाळेत हुशार मुलं आहेत हे गावाला त्या फ्लेक्सवरून कळतं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा शाळेलाही त्यावरूनच कळतं.

शिष्यवृत्ती परीक्षेला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना ‘आपल्यात काहीतरी आहे’ असं पहिल्यांदा वाटलं ते या परीक्षेमुळे. चौथी-सातवीची ही परीक्षा २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीला नेली गेली, पण शिक्षकांच्या तोंडी ती ‘स्कॉलरशिप’च राहिली. तिच्यासाठी गुरुजी शाळेआधी आणि शाळेनंतर जादा तास घेतात, दिवाळीच्या सुटीत वर्ग भरवतात, सराव संचांच्या झेरॉक्स स्वतःच्या खिशातून काढतात. त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळत नाहीत. एवढी मेहनत शिक्षक दुसऱ्या कुठल्याही परीक्षेसाठी करत नाहीत.

पण या परीक्षेचा पहिला पेपर हातात घ्या. भाषेचे २५ प्रश्न, गणिताचे ५०, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. वाचायचं, उत्तर काढायचं, चार पर्यायांतला एक निवडायचा, गोल काळा करायचा आणि पुढे जायचं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस परीक्षा असते. रोज साडेचार तास आणि रोज तीन गणितं. वाटणी केली तर एका गणिताला ९० मिनिटं येतात. इंदापूर तालुक्यातली मुलगी ज्या वेळात पंचाहत्तर गोल काळे करते, तेवढा वेळ तिथला मुलगा एकाच गणितापुढे बसलेला असतो आणि पुष्कळदा त्यालाही ते सुटत नाही. दोन्ही परीक्षा गणितातली गती मोजतात असं आपण म्हणतो. त्या एकच गोष्ट मोजत असतील यावर माझा विश्वास नाही. गणितात खरोखर डोकं चालणाऱ्या मुलांबद्दल शिक्षकांना काय वाटतं याचा विचार करताना हा फरक सतत आडवा येतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांचं मत पहिल्या परीक्षेत घडलेलं असतं.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वादिम क्रुतेत्स्की यांनी वर्षानुवर्षं शाळकरी मुलांपुढे गणितं ठेवून, ती सोडवताना मुलं काय बोलतात, कुठे अडतात, कुठे उडी मारतात हे टिपून ठेवलं. त्यांचं पुस्तक १९६८ मध्ये रशियनमध्ये आलं, १९७६ मध्ये इंग्रजीत गेलं आणि गणितातल्या प्रज्ञेवर बोलणाऱ्या प्रत्येकाला आजही ते उघडावं लागतं. त्यांच्या मते गणितात प्रज्ञा असलेल्या मुलाला एका उदाहरणावरून नियम दिसतो, त्यासाठी पंचवीस उदाहरणं लागत नाहीत. तो मधल्या पायऱ्या गाळतो. एक वाट बंद झाली तर चिडत नाही, दुसरी धरतो. उत्तराकडून प्रश्नाकडे उलटा चालत जाऊ शकतो. काही महिन्यांनी विचारलं तर गणितातले आकडे तो विसरलेला असतो, गणिताची घडण मात्र त्याला आठवते. आणि आपल्या शाळांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं त्यांचं म्हणणं हे, की झटपट करण्याची हातोटी, आकडेमोडीतली सफाई आणि आकड्यांची पाठांतरशक्ती या गोष्टी उपयोगी असल्या तरी गणिती बुद्धीसाठी अनिवार्य नाहीत.

हे वर्गात कसं दिसेल? पाचवीत वजाबाकीचा सराव चालू आहे असं धरू. फळ्यावर चार उदाहरणं आहेत: ८२ वजा २८, ७१ वजा १७, ९४ वजा ४९, ६३ वजा ३६. वर्ग माना घालून कामाला लागतो. एक मुलगी दोन उदाहरणं करते आणि थांबते. खिडकीबाहेर बघते. मग वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत बसते. तास संपतो तेव्हा तिची चारपैकी दोनच उदाहरणं झालेली असतात. बाई विचारतात, “झोपली होतीस का गं?” ती म्हणते, “नाही बाई. आकडे उलटे करून वजा केले ना, की नवाच्या पाढ्यातलंच येतं. आणि कितव्या घरातलं तेपण आधी कळतं. आठातून दोन गेले, राहिले सहा. म्हणून नऊ सक चोपन्न.”

ती बरोबर आहे. दशक आणि एकक यांची अदलाबदल केली की फरक नेहमी अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट येतो. बीजगणितात हे आठवीत एका ओळीत सुटतं. या मुलीने ते अक्षरांशिवाय पकडलं. आता बाईंपुढे दोन वाटा आहेत. “आधी उरलेली दोन पुरी कर” ही एक. “बरं, तीन अंकी घेऊन बघ, ७३२ आणि २३७, काय होतं सांग” ही दुसरी. (तिथे ४९५ येतं, म्हणजे ९९ च्या पाचपट, आणि सातातून दोन गेले की पाचच राहतात. मधला तीन कुठे गेला, हा त्या मुलीच्या पुढच्या आठवड्याचा प्रश्न.)

बहुतेक बाई पहिली वाट धरतात. त्यांना गणित कळत नाही म्हणून धरतात असं समजणं अन्यायाचं होईल. शाळा दोनशिक्षकी असते, बाईंकडे दोन इयत्ता असतात, पलीकडच्या ओळीत तिसरीची मुलं गोंगाट करत असतात. पोषण आहाराची नोंद भरायची राहिलेली असते, मतदार यादीचं काम अंगावर असतं, यू-डायसची माहिती उद्या सकाळपर्यंत द्यायची असते. शिवाय गेल्या दशकभरात वरून आलेला प्रत्येक आग्रह मागे राहिलेल्या मुलांबद्दल आहे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, २०२१ मध्ये केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ आलं. वजाबाकी न येणारी मुलं किती, ती केव्हा येणार, हे केंद्रप्रमुख विचारतात आणि विचारायलाच हवं. पण वजाबाकी येऊन वर तिच्यातला नियम सापडलेली मुलं किती, हे कुणी विचारत नाही. ज्या गोष्टीचा रकानाच नाही तिच्याकडे बघायला शिक्षकाला वेळ कुठून मिळणार?

शिक्षकांच्या खोलीत या विषयावर जी वाक्यं ऐकू येतात ती यातूनच आलेली आहेत. सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडतं ते हे: “हुशार पोराला शिकवायला काय लागतंय, ते आपलं आपण शिकतं.” यात थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ सोय आहे. असं मूल पाठ्यपुस्तक आपलं आपण संपवतं हे खरं. पण पुस्तक संपल्यावर ते काय करतं? शेजारच्याला उत्तरं सांगतं, खोड्या काढतं, किंवा शहाणं असेल तर गप्प बसायला शिकतं. तिसरी गोष्ट शिक्षकाला सगळ्यांत सोयीची आणि मुलाला सगळ्यांत महाग.

दुसरं वाक्य, “पुढचं आत्ताच शिकवलं तर पुढच्या वर्षी वर्गात काय करेल?” हे शेळगावात ऐकू येतं तसंच शिकागोतही येतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि वयाची वाट न बघता अशा मुलांना पुढचं गणित शिकू द्यावं असा आग्रह धरला. पुढे २००४ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र मांडलं. त्यांचा निष्कर्ष असा, की पुढे नेलेल्या मुलांचं अभ्यासात भलं होतं आणि समवयस्कांपासून तुटून ती बिघडतात ही भीती पुराव्याला धरून नाही. तरीही शिक्षक नको म्हणतात. आपल्याकडे पूर्वी हेच सर्रास चालायचं. हुशार मुलाला वर्षात दोन इयत्ता चढवत असत. आता वयानुरूप इयत्तेच्या जमान्यात इयत्ता चढवणं अवघड झालं आहे, पण इयत्ता न चढवता गणित चढवायला कुणाची हरकत नाही. पाचवीतल्या मुलीने गणिताच्या तासाला सातवीत जाऊन बसावं, एवढंच. पहिली ते सातवीच्या जिल्हा परिषद शाळेत हे अंतर एका भिंतीचं असतं.

तिसरं मत पायऱ्यांबद्दल आहे. “उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत, म्हणून एक मार्क कापला.” इथे मी शिक्षकांच्या बाजूने आहे, अर्धा. पायऱ्या लिहिणं म्हणजे आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून देणं, आणि ऑलिंपियाडमध्येही नुसत्या उत्तराला काही मिळत नाही. पण शिक्षकाला हव्या असतात त्या पायऱ्या पुस्तकातल्या. मुलाने दुसऱ्या रीतीने सोडवलं तर तपासायला वेळ लागतो. मग ‘रीत चुकली’ असा शेरा पडतो आणि दुसरी वाट शोधण्याची खोड हळूहळू मोडते.

आणखी एक गोष्ट वाक्यात येत नाही, स्वरात येते. मुलाचं गणित चुकलं तर “डोकं आहे, लक्ष नाही”. मुलीला पैकीच्या पैकी पडले तर “अभ्यासू आहे”. तीच वही, तीच उत्तरं, पण मुलगा हुशार ठरतो आणि मुलगी मेहनती. मग सातवीनंतर लांबची शाळा, बस, अंधार, ‘पोरीला एवढं गणित करून काय करायचंय’ हे सगळं ओघाने येतं. एस. टी.चा मोफत पास आहे म्हणून मुली माध्यमिक शाळेपर्यंत तरी पोचतात.

शेवटचं मत शिक्षक सहसा बोलून दाखवत नाहीत आणि माझ्या मते बाकी सगळ्या मतांच्या तळाशी तेच आहे: ‘त्याने विचारलेलं मला आलं नाही तर?’ आपल्याकडे गुरुजींना न येणं ही नामुष्की समजली जाते. म्हणून ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे आहे तेवढंच गणित वर्गात येतं.

या भीतीवर महाराष्ट्राच्याच एका शाळामास्तरांचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, संशोधन संस्थेची खुर्ची नाही. मास्तर आकड्यांशी खेळायचे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढीच अट. अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा, मग लहानापासून मोठ्याकडे, आणि वजा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि आता ७६४१ वजा १४६७ केलं तरी ६१७४. कुठूनही सुरुवात करा, फार तर सात फेऱ्यांत इथेच येऊन थांबता. १९४९ मध्ये त्यांनी हे मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. विद्यापीठातल्या गणित्यांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. त्यांची टिपणं किरकोळ नियतकालिकांत आणि स्वखर्चाच्या पुस्तिकांत छापली गेली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाने दखल घेतली आणि मग आपणही घेतली. आज ६१७४ ला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

पाचवीतल्या त्या मुलीने जे सुरू केलं होतं ते याच जातीचं होतं. अंक उलटे करून वजाबाकी. कापरेकर मास्तर तिच्या वर्गावर असते तर त्यांनी तिला उरलेली दोन उदाहरणं करायला लावली नसती. अशा मुलाला घडवायला मोठा गणिती लागतो असं नाही. ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक नाही अशा प्रश्नाशी उघडपणे खेळू शकणारा शिक्षक लागतो. कापरेकरांना लोक थट्टेने हसत, पण ते ‘गणितानंद’ म्हणूनही ओळखले जात.

शिक्षकाला पुरं पडता येत नसेल तर त्याने काय करावं, याची जुनी उदाहरणं आहेत. जर्मनीत ब्युटनर नावाच्या कडक मास्तरांच्या वर्गात लहानग्या गाउसने एक ते शंभरची बेरीज चटकन केली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. या मुलाला शिकवण्यासारखं आपल्याकडे फार नाही हे ओळखून ब्युटनर यांनी त्याच्यासाठी अंकगणिताचं वरच्या दर्जाचं पुस्तक मागवलं आणि आपला मदतनीस बार्टेल्स याच्याशी त्याची गाठ घालून दिली. बार्टेल्स गाउसपेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठा होता. दोघं मिळून शिकले. हाच बार्टेल्स पुढे रशियात कझानला प्राध्यापक झाला आणि तिथे लोबाचेव्हस्की त्याच्या हाताखाली शिकला. मास्तरांनी एक पुस्तक मागवलं, एक ओळख करून दिली आणि ते बाजूला सरकले.

बुडापेस्टच्या फाशोरी शाळेतले लास्लो राट्स हे त्याहून थोर. जॉन फॉन नॉयमन त्यांच्या वर्गात आला तेव्हा त्यांनी त्याच्या वडिलांना गाठून सांगितलं, की याला विद्यापीठातल्या गणित्याकडून शिकवा. नॉयमनच्या एक वर्ष पुढे असलेला यूजीन विग्नर याला ते आपल्याकडची पुस्तकं वाचायला देत. विग्नरला १९६३ मध्ये भौतिकीचं नोबेल मिळालं. प्रिन्स्टनमधल्या त्याच्या खोलीत राट्स मास्तरांचा फोटो होता. पण राट्स यांचं शेळगावच्या दृष्टीने महत्त्वाचं काम वेगळंच आहे. ग्योर शहरातले शिक्षक दानिएल अरान्य यांनी १८९४ मध्ये शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक सुरू केलं होतं. राट्स यांनी ते १८९६ पासून १९१४ पर्यंत चालवलं. मासिकात दर महिन्याला कठीण गणितं यायची. हंगेरीच्या कुठल्याही खेड्यातल्या मुलाने महिनाभर डोकं खाजवून पोस्टाने उत्तर पाठवायचं. चांगली उत्तरं मुलाच्या नावासह छापून यायची. ‘कोमाल’ या नावाने ते मासिक आजही निघतं. मुलाला गाव सोडावं लागत नव्हतं. प्रश्न गावात यायचा आणि मुदत महिन्याची असायची.

महाराष्ट्राने उलटी रीत धरली: प्रश्न गावात पाठवण्याऐवजी मूल गावाबाहेर काढलं. १९६० च्या दशकात सरकारने खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी शासकीय विद्यानिकेतनं काढली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला सुरू केली. नवोदय विद्यालयांची योजना आली तेव्हा देशातल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीची होती. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात आहे, तिथे सहावीला ऐंशी मुलं घेतात. गणितापुरतं बोलायचं तर श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. महाराष्ट्र-गोव्याच्या प्रादेशिक गणित ऑलिंपियाडचं काम तिथून चालतं. पुढच्या राष्ट्रीय टप्प्यांचं काम मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये उतरतो, १९९६ ची स्पर्धा मुंबईतच झाली, आणि २०२४ मध्ये चार सुवर्णपदकांसह भारत चौथा आला.

या सगळ्या संस्था चांगल्या आहेत आणि त्यांनी माणसं घडवली आहेत. त्यांच्यात शेळगावचं मूल किती पोचतं हा वेगळा प्रश्न आहे. नीरा डाव्या कालव्यावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही: आवर्तन सुटतं ते सगळ्यांसाठी, कागदावर टेलचंही, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचंही, नाव असतं, पण पाणी इंदापूरच्या टेलला येईपर्यंत वरच्यांची दोनदा भिजवण झालेली असते. ऑलिंपियाडची पात्रता फेरी कुणालाही देता येते. पण ती आहे हे ठाऊक असणं, तिच्या धाटणीची गणितं पाहिलेली असणं, आणि दर शनिवारी कुणाकडे तरी जाऊन बसता येणं हे पुण्यात घडतं. इथून पुणे सव्वाशे-दीडशे किलोमीटर.

मूल बाहेर काढण्याचा आणखी एक परिणाम होतो, तो शिक्षकांवर. शाळेतलं सगळ्यात तल्लख मूल पाचवी-सहावीला निघून जायचं हे ठरलेलं असलं, की त्याला काय शिकवायचं हा प्रश्न गावच्या शिक्षकाला कधी पडतच नाही. त्याचं काम त्याला ‘काढून देण्या’पुरतं उरतं. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या, मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकालाही अशा मुलाबरोबर दोन-तीन वर्षं सलग गणित करण्याचा अनुभव नसतो. मग ‘आमच्याकडे तसं कुणी नाही’ हे मत तयार होतं, आणि ते प्रामाणिक असतं. आधी शिष्यवृत्तीची तयारी ७२ सेकंदांची, आणि मूल गावातच राहिलं तर आठवीनंतर ‘नीट’ नाहीतर ‘जेईई’ची. दोन्हींच्या मधे एका प्रश्नावर आठवडाभर रेंगाळायला जागा नाही. पालकांचंही चुकत नाही. एक एकर ऊस आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज असलेल्या बापाला ‘पोरगा गणितात रमतो’ यापेक्षा ‘पोरगा लागेल का कुठे’ हे आधी दिसणारच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांसाठी चार-दोन परिच्छेद आहेत. विशेष गती असलेल्या मुलांना पाठ्यक्रमापलीकडे न्यावं, बी. एड.मध्ये यासाठी वेगळं शिक्षण देता येईल, शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर गणित मंडळं असावीत, असं त्यात म्हटलं आहे. धोरणातली मंडळं यायची तेव्हा येतील. तोवर वाट बघायची गरज नाही, कारण एक जागा आधीच आहे. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. परिपत्रकं वाचली जातात, माहिती गोळा होते, एखादा नमुना पाठ होतो, चहा होतो. तिथे अर्धा तास एका गणिताला द्यावा, ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही अशा. शिक्षकांनी एकमेकांसमोर अडकावं. न येण्याची लाज तिथे मोडली तर वर्गात मोडेल. मग तेच गणित सगळ्या शाळांच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहावं आणि महिनाभर पुसू नये. पोस्टाची गरज आता नाही, शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट आहेतच. मुलांच्या हाताने लिहिलेल्या उत्तरांचे फोटो त्यांवर टाकावेत, चुकलेल्या उत्तरांचेही, कारण सुंदर चूक करणारं मूलच पुष्कळदा शोधण्यासारखं असतं. ज्या मुलीची चारपैकी दोनच उदाहरणं झाली होती, ती अशा फळ्यापुढे सापडेल. फ्लेक्सवर ती कदाचित कधीच सापडणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर आपल्याकडे याला जुना दाखला आहे. चाळीसगावजवळ पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाचा खर्च कसा भागवायचा ते लिहिलं आहे. त्यातली एक बाब अशी, की गावात जेवढे तेलाचे घाणे आहेत त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यायचं. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गावच्या घाण्यांवर गणिताची शाळा चालत होती. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सहकारी कारखाने आहेत, त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था आहेत, बारामतीत विज्ञान केंद्र आहे. महिन्यातून एक शनिवार, एक खोली, एक फळा आणि टेलच्या गावांतून मुलांना आणणारी एक गाडी एवढं या पट्ट्याला जड नाही. त्यासाठी कुणा एका संस्थेने मागणीची वाट न बघता पुढे यावं.

तुम्ही शिक्षक असाल तर येत्या शिक्षण परिषदेसाठी हे गणित घ्या. कापरेकर मास्तरांची वजाबाकी तीन अंकी संख्येवर करून बघा. कुठे थांबते ते पंधरा मिनिटांत सापडेल, का थांबते याला जास्त वेळ लागेल. मग पाच अंकी घ्या. पाच अंकांना काय होतं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मुलांना महिनाभर शोधू द्या, आणि तोवर तुम्हीही मोबाइलवर बघू नका.